शोरूमचं एस्टिमेट ४१ हजार : यातलं खरंच काय करायला लागतं?

सिंहगडरोडवासी

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, २०१४ चं मॉडेल, ९२ हजार किमी. वॉरंटी कधीच संपली. सर्व्हिसिंग कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला करतो. मधली दोन वर्षं तेवढी घराजवळच्या एका गॅरेजला दिली होती.

तक्रारी तीनच. स्पीडब्रेकर किंवा खराब रस्ता आला की पुढून, बहुतेक डावीकडून, खडखड आवाज येतो. एसी हायवेला व्यवस्थित थंड करतो, पण सिग्नलला थांबलं की पाच मिनिटांत गरम हवा. आणि ॲव्हरेज पूर्वी शहरात पंधरा-सोळा मिळायचं, ते आता तेरावर आलंय.

सर्व्हिस सेंटरने दिलेलं एस्टिमेट असं: दोन्ही पुढचे शॉकअप माउंटिंगसकट, दोन्ही लोअर आर्म, दोन्ही लिंक रॉड, क्लच सेट, पुढच्या ब्रेक डिस्क आणि पॅड, एसी गॅस टॉप-अप, कूलिंग कॉइल क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लश, अंडरबॉडी कोटिंग, अलाइनमेंट-बॅलन्सिंग. एकूण ४१ हजार आणि वर काही शे. क्लचबद्दल मी तक्रारच केली नव्हती. विचारलं तर "सर, किलोमीटर झालेत ना" असं उत्तर.

अजून चार-पाच वर्षं गाडी वापरायची आहे, त्यामुळे काटकसर करून गाडीची वाट लावायची नाही. पण यातलं गरजेचं काय, आणि बाहेर करायचं तर पार्ट कुठले घ्यायचे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चक्रधर

आधी सोपं काम. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग, कूलिंग कॉइल क्लीनिंग यांवर पेनाने काट मारा. गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल उघडा, शेवटी मेंटेनन्सचं वेळापत्रक असतं. त्यात यातलं एकही काम सापडणार नाही. बहुतेक सर्व्हिस ॲडव्हायजरना या 'व्हॅल्यू ॲडेड' कामांचं टार्गेट असतं, त्यांचाही नाइलाज आहे. थ्रॉटल बॉडी मात्र आयडलिंगला गाडी थरथरत असेल किंवा बंद पडत असेल तर साफ करून घ्या. काम अर्ध्या तासाचं आहे.

त्याच वेळापत्रकात जे आहे आणि एस्टिमेटमध्ये नाही, ते विचारा. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? कूलंट कधी बदललं? प्लग कधी? गिअर ऑइल? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. त्यामुळे त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो आणि घाटात सतत ब्रेक लागले की पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी बदलायचं असतं, खर्च काही शे रुपये. सेफ्टीचा प्रश्न खरा तिथे आहे, आणि त्याचं नावही नाही.

उद्यमनगरी

कोल्हापुरात उद्यमनगरात आपलं गॅरेज आहे, त्यामुळं फिटरच्या भाषेत सांगतो. आवाजावरनं अख्खं पुढचं सस्पेन्शन बदलायला सांगणं म्हणजे तपासायचा कंटाळा. प्रत्येक पार्टचा आवाज निराळा असतो बघा.

कमी स्पीडला, बारीक खड्ड्यांत, दगडी रस्त्यावर डबा वाजल्यासारखी खडखड आली तर पहिला संशय लिंक रॉडवर (सस्पेन्शन आणि अँटी-रोल बार जोडणारी छोटी दांडी). स्विफ्टमध्ये शंभरात बहुतेक गाड्यांचं दुखणं तिथंच निघतं. ब्रेक मारताना किंवा सोडताना एकच 'टक्' येत असेल तर लोअर आर्मचं (चाकाला खालनं धरणारा दांडा) रबरी बुश. जागेवर उभं राहून स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग उडी मारल्यागत 'टण्' झालं की शॉकअपच्या वरचं माउंटिंग किंवा त्याचं बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढं काढताना कटकटकट येत असेल तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसंल. स्पीडबरोबर वाढत जाणारा घूं घूं आवाज, आणि गाडी एका बाजूला झुकवली की बदलतो, तर व्हील बेअरिंग.

आता तपासायचं कसं. गाडी जॅकवर घ्यायची, खाली स्टँड लावायचाच, नुसत्या जॅकवर हात आत घालायचा नाही. चाक वर-खाली धरून हलवा: खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा: खेळ असेल तर टायरॉड एंड. लिंक रॉडसाठी याहून खात्रीची ट्रिक म्हणजे दोन्ही बाजूचे लिंक रॉड सोडवायचे, तारेनं वर बांधायचे आणि गल्लीत हळू एक चक्कर मारायची. आवाज गायब झाला की चोर सापडला. वळणावर गाडी थोडी जास्त कलंडंल, म्हणून हायवेला न्यायची नाही.

शॉकअपचं म्हणाल तर ऑइल गळून त्यावर ओली धूळ चिकटलीय का बघा. कोरडा असेल आणि बॉनेट दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबत असेल तर ९२ हजारला तो अजून चालंल. दोन-तीन वेळा हेलकावे खाल्ले तर गेला. आणि शॉकअप बदलायचा तर जोडीनंच बदला, एकच नवा टाकायचा नाही.

शुभदा नाशिक

एसीबद्दल. हायवेला थंड आणि सिग्नलला गरम, हे तुम्ही लिहिलंत तेच अर्धं निदान आहे. कॉम्प्रेसर आणि गॅसचा दोष असता तर हायवेलाही बोंब असती, निदान बऱ्याच वेळा. गाडी पळते तेव्हा कंडेन्सरवर (रेडिएटरपुढचा, एसीचा गॅस थंड करणारा भाग) वाऱ्याने हवा येते. थांबली की ते काम पंख्याचं. एसी लावा, बॉनेट उघडा आणि रेडिएटरपाशी पंखा फिरतोय का, जोरात फिरतोय का, ते बघा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मग मोटर, या क्रमाने. फिरत असेल तर पुढच्या जाळीतून कंडेन्सर बघा. माझ्या गाडीच्या कंडेन्सरमध्ये एका उन्हाळ्यात सावरीचा कापूस आणि किडे मिळून गोधडीच शिवली होती. पाण्याची साधी धार मारून साफ झालं. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पातळ पत्र्या वाकतात.

आणि 'गॅस टॉप-अप' या शब्दावर विश्वास ठेवू नका. एसीचं सर्किट बंद असतं. दहा वर्षांत अगदी थोडा गॅस झिरपतो हे मान्य, पण खूप कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे पुढच्या मेमध्ये पुन्हा बिल. नायट्रोजन भरून प्रेशर धरतंय का बघतात, किंवा रंगद्रव्य सोडून अल्ट्राव्हायलेट टॉर्चने शोधतात. मग व्हॅक्यूम पंप वीस-पंचवीस मिनिटं तरी चालवायला हवा, आणि मग वजन करून गॅस. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. २०१४ ची गाडी म्हणजे आर१३४ए प्रकारचा गॅस. गेज बघत 'थोडा अजून मारू' म्हणणाऱ्याकडे थांबू नका. जास्त गॅस झाला तरीही थंडावा कमीच होतो.

केबिन फिल्टर आहे का आणि कधी बदलला तेही बघा. बऱ्याचदा ग्लव्ह बॉक्समागे तो काळाकुट्ट होऊन बसलेला असतो आणि लोक कूलिंग कॉइल बदलतात.

रिकामा सिलिंडर

पंख्यावर +१. अवांतर : आमच्याकडे कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलेल्या गाडीत शेवटी उंदराने कुरतडलेली वायर निघाली. कार्तिक लागला की इंजिन गरम बघून मुक्कामाला येतात. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, फिनेल सगळं झालं. शेवटी खालून बारीक जाळी लावली तेव्हा थांबले.

देवगडचा हापूस

अंडरबॉडी कोटिंगला चक्रधर यांनी सरसकट काट मारली, त्याला थोडा विरोध. पुण्यात नको, मान्य. आमच्याकडे किनाऱ्यावर खारी हवा आणि चार महिने चिखल. गोव्यात, सिंधुदुर्गात दहा वर्षांची गाडी रॅम्पवर घेऊन बघा, सस्पेन्शनच्या बोल्टचे षटकोन गोल झालेले असतात. पण कोटिंग नव्या, स्वच्छ पत्र्यावर हवं. गंजावर वरून डांबर फासलं की आत ओल कोंडते आणि गंज आणखी जोरात धावतो. जुन्या गाडीला पावसाळ्यानंतर खालून गोड्या पाण्याने धुऊन घेणं आणि दाराच्या खालची पाणी निचऱ्याची भोकं मोकळी ठेवणं जास्त उपयोगी. फुकट आहे म्हणून कुणी सांगत नाही.

सिंहगडरोडवासी

सर्वांचे आभार, इतकं सविस्तर कुणी समोर बसूनही सांगत नाही. पंखा उद्या बघतो. दोन प्रश्न. क्लच गेला की नाही हे घरी कळेल का? आणि डिस्क बदलायची की नाही हे कसं ठरवायचं? वाईला दर महिन्याला जाणं होतं, त्यामुळे ब्रेकबाबत धोका नको.

उद्यमनगरी

वाईला जाताय ना, मग खंबाटकी घाट आहेच. चढाला रस्ता मोकळा असताना चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज आणि आरपीएम वर जातोय पण गाडी स्पीड घेत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. जळका वास आला तर नक्कीच. तसं काही नसेल, पेडल एकदम वर येऊन लागत नसेल, जड झालं नसेल आणि गिअर कुरकुर न करता पडत असतील, तर क्लचला हात लावू नका. किलोमीटरवर क्लच जात नाही, पायावर जातो. पेडलवर पाय ठेवून चालवणाऱ्याचा ४० हजारला गेलेला बघितलाय आणि हायवेवाल्याचा दीड लाख चाललेला.

बदलायची वेळ आली तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदला. गिअरबॉक्स उतरवायचं लेबर दोनदा कशाला द्यायचं. लुक, व्हॅलिओ, एक्सेडी यातला सेट घ्या, कंपनीच्या डब्याचाच हट्ट नको.

डिस्कची कमीतकमी जाडी किती चालते ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. व्हर्नियर लावून मोजायला सांगा. मोजल्याशिवाय बदला म्हणणाऱ्याला विचारा, किती एमएम आली? उत्तर नाही मिळालं की समजून जा. पॅडचं मटेरियल ३ एमएमच्या खाली गेलं की बदला. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत नसेल, डिस्कवर खोल चरे नसतील, जाडी असेल, तर नुसते पॅड टाका आणि कॅलिपरच्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावून घ्या. पिन जाम झाली की एकच पॅड झिजतो आणि गाडी ओढून ॲव्हरेजही खातो. लांब चक्कर मारून आल्यावर चारही रिमजवळ हात न्या, चिकटवू नका. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर तिथं ब्रेक धरून बसलाय.

खिळेमोळे

पार्टबद्दल कुणीच नीट बोलेना म्हणून लिहितो. मी स्पेअर पार्टच्या लाइनमध्ये आहे, दुकान माझं नाही, त्यामुळे जाहिरात समजू नये.

बाजारात ढोबळमानाने चार प्रकारचा माल असतो. एक, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. दोन, त्याच कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या कारखान्याचा, पण त्याच्या स्वतःच्या नावाच्या डब्यातला. कार कंपन्या शॉकअप, क्लच, बेअरिंग, प्लग, एसीचे भाग स्वतः बनवत नाहीत. शॉकअप गॅब्रिएल, प्लग एनजीके किंवा डेन्सो, मारुतीच्या एसीचे बरेच भाग सुब्रोस, बेअरिंग एसकेएफ किंवा एनबीसी. तीन, चांगल्या नावाचा पण मूळ पुरवठादार नसलेला आफ्टरमार्केट माल. आणि चार, 'लोकल', ज्याच्या डब्यावर पत्ता शोधावा लागतो. पाचवा प्रकार म्हणजे पहिल्या दोन्हींची हुबेहूब नक्कल, आणि खरी फसगत तिथे होते.

माझा स्वतःचा नियम असा. रबर आणि सेन्सर कंपनीच्या डब्यातलं. लोअर आर्मचं बुश, इंजिन माउंटिंग, होज पाइप, थर्मोस्टॅट, ऑक्सिजन सेन्सर, यात पैसे वाचवायला जाऊ नये. लोकल रबर सहा महिन्यांत फुटतं आणि लेबर पुन्हा द्यावं लागतं. फिल्टर, वायपर, बल्ब, बेल्ट, प्लग, बॅटरी यांसाठी बॉश, मान, प्युरोलेटर, फिलिप्स, गेट्स असे चांगले ब्रँड डोळे झाकून. आरसा, बंपरची क्लिप, मडफ्लॅप यात लोकलही चालतो, मोडला तर मोडला.

नक्कल ओळखायची तर पार्ट नंबर. चासी नंबर देऊन कंपनीच्या काउंटरवरून नेमका पार्ट नंबर काढून घ्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षाच्या मध्यात पार्ट बदललेले असतात, 'स्विफ्टचं द्या' एवढ्यावर भलताच पार्ट हातात येतो. मग तो नंबर डब्यावरच्या लेबलशी जुळवा. एमआरपी, महिना-वर्ष, होलोग्राम बघा. छपाई अंधुक, शुद्धलेखन चुकलेलं, बेअरिंगवरची अक्षरं कोरलेली नसून शाईने छापलेली, असं काही दिसलं की परत द्या. कंपनीच्या डब्यावर काउंटरला दहा-पंधरा टक्के सूट ठीक आहे. चाळीस टक्के मिळत असेल तर मालच वेगळा आहे.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा पट्टा. कुर्ल्याला सीएसटी रोडला जुना माल मिळतो, पण तिथून दरवाजा, काच, हेडलॅम्प घ्या, ब्रेक किंवा स्टिअरिंगचं काही घेऊ नका. आणि पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या पार्टवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता. तेव्हा 'बिलाशिवाय स्वस्त पडेल' याचा मोह पूर्वीइतकाही राहिला नाही. बिल नसेल तर खराब पार्ट बदलून मिळायचा विसरा.

निरीक्षक

हे सगळं वॉरंटी संपलेल्या गाडीला ठीक. माझी गाडी अजून वॉरंटीत आहे, बाहेर साधं ऑइल बदललं तरी वॉरंटी जाईल असं बजावून सांगितलंय.

चक्रधर

असं सरसकट म्हणता येत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, हाच आक्षेप होता. त्या आदेशात हेही होतं की बाहेर काम केलं एवढ्याच कारणावरून वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे बिघाड झाला असेल तर ती गोष्ट वेगळी. कंपन्या अपिलात गेल्या, हे खरं. पण काउंटरवर भांडायची वेळ आलीच तर हा आदेश माहीत असलेला बरा.

तरी माझा सल्ला, वॉरंटीच्या काळात तिथेच सर्व्हिसिंग करा. तत्त्वासाठी नाही, इंजिनचा मोठा क्लेम आला तर कागद स्वच्छ असावेत म्हणून. फक्त प्रत्येक एस्टिमेटवर 'मॅन्युअलप्रमाणे, बाकी काही नाही' असं लिहून सही करा. माझ्या गाडीचं बिल त्यानंतर जवळपास निम्म्यावर आलं.

स्टुटगार्टहून

इकडची गंमत सांगतो. जर्मनीत नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी तांत्रिक तपासणी असते, सगळे तिला टीयूव्हीच म्हणतात. लोअर आर्मचं बुश चिरलेलं दिसलं तरी गाडी नापास होऊ शकते. त्यामुळे इथे लोक पार्टबद्दल फार जागरूक. आणि वर खिळेमोळे यांनी लिहिलेला दुसरा प्रकार इथे डोळ्यांनी दिसतो. पुरवठादाराच्या डब्यातला पार्ट काढला की कार कंपनीचा लोगो जिथे होता तिथे घासून काढलेली खूण असते. तोच साचा, तोच कारखाना, लोगो तेवढा पुसलेला. लेबर मात्र असं महाग की अर्धा देश रविवारी स्वतःच गाडीखाली झोपलेला असतो.

सिंहगडरोडवासी

ताजी खबर. एसी लावल्यावर पंखा अजिबात फिरत नव्हता. फ्यूज ठीक, रिले बदलून पाहिला तरी नाही, मोटर गेलेली निघाली. नवी बसवली, आता सिग्नलला व्यवस्थित थंड. गॅसला हात लावला नाही. शुभदाताई, तुमचा अंदाज अचूक.

लिंक रॉड सोडवून चक्कर मारली तर मोठी खडखड थांबली. डाव्या लिंक रॉडचा बॉल हाताने गरागरा फिरत होता. दोन्ही बदलले. आता फारच हळू जाताना बारीक टकटक उरली आहे, स्टिअरिंगमध्ये हाताला जाणवते. शॉकअप कोरडे आहेत. डिस्क मोजल्या, अजून चालतील, नुसते पॅड टाकले.

ॲव्हरेजचं मात्र जैसे थे. एअर फिल्टर नवा, टायरमध्ये हवा बरोबर, एकही चाक तापत नाही. हे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचं असेल का?

उद्यमनगरी

स्टिअरिंगमध्ये जाणवणारी टकटक म्हणजे बहुधा रॅकचं (स्टिअरिंगबरोबर सरकून चाकं वळवणारा दांडा) बुश. पूर्ण रॅक लगेच बदलू नका. आधी ॲडजस्ट करून बघता येतो, पण हे काम सराव असलेल्या हातानंच करून घ्या. जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि ते धोक्याचं.

खिळेमोळे

इथेनॉलचा थोडा वाटा आहे. २० टक्के मिश्रणाने, जुन्या पद्धतीच्या चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के पडू शकतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होतं. म्हणजे सोळाचं पंधरा होईल. तेरा नाही. बाकीचं दुसरीकडे शोधा. जुनी गाडी आहे तर पेट्रोलचे रबरी पाइप मात्र दर सर्व्हिसिंगला बघून घ्या, तडे दिसले की बदला.

शुभदा नाशिक

ती दोन वर्षं बाहेरच्या गॅरेजला गाडी होती म्हणालात. तेव्हा गाडी तापली होती का कधी? विचारायचं कारण, आपल्याकडे गाडी तापली की थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) काढून फेकायची वाईट खोड आहे. 'आपल्या हवेत लागतच नाही' म्हणतात. मग इंजिन नीट गरमच होत नाही, इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, थंड इंजिन समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो. त्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मिळतो, ईएलएम ३२७ नावाचा. मोबाइलला जोडा आणि हायवेला कूलंटचं तापमान बघा. ८५-९० च्या आसपास स्थिर राहायला हवं. साठ-पासष्टवर उतरत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही. स्कॅनरवर त्या दोषाचा कोड पी०१२८.

सिंहगडरोडवासी

तापली होती! बावधनजवळ, उन्हाळ्यात. तेव्हा 'पाण्याचा वॉल्व्ह साफ केला' असं बिलात लिहिलेलं आठवतंय. स्कॅनर मित्राकडून आणला. सातारा रस्त्याला ऐंशीच्या स्पीडने ६३ ते ६६ अंश. वर जायलाच तयार नाही. गाडी उघडली, तर थर्मोस्टॅटच्या जागेवर थर्मोस्टॅट नाहीच. आणि कूलंट म्हणून आत जे होतं ते नळाचं गंजकं पाणी.

उद्यमनगरी

मग आता घाई करू नका. नुसता थर्मोस्टॅट टाकून मोकळं व्हायचं नाही. नळाचं पाणी आत होतं म्हणजे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसलेत. सिस्टीम डिस्टिल्ड वॉटरनं दोन-तीन वेळा धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कंपनीचा थर्मोस्टॅट, नवं पॅकिंग, रेडिएटरची टोपी नवी आणि तयार मिसळलेलं कूलंट. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि हवा काढा, नाहीतर आत बुडबुडा अडकून पुन्हा गाडी तापल्यागत दाखवंल.

पहिले पंधरा दिवस सकाळी थंड इंजिनवर टाकीची पातळी बघत जा. कमी होत गेली तर वॉटर पंपच्या खाली ओल आहे का बघा. आणि कुठंच गळत नसून कमी होत असेल, धूर पांढरा येत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) संशय. गाडी मुळात कशानं तापली, हे अजून कुणी शोधलेलं नाही. थर्मोस्टॅट नसल्यानं ते झाकून राहिलं असंल. एक शक्यता तुमच्यासमोरच आहे, तो पंखा.

चक्रधर

हे बरोबर. पंखा तेव्हापासून अधूनमधून बंद पडत असणार. गॅरेजवाल्याने पंखा बघण्याऐवजी थर्मोस्टॅट काढला. त्यामुळे गाडी तापायची थांबली, ॲव्हरेज पडलं आणि वर्षभराने एसी गेला. एका मोटरपायी तीन तक्रारींतल्या दोन.

निरीक्षक

याच धाग्यात विचारून घेतो, वेगळा काढत नाही. बहिणीकडे जुनी डस्टर डिझेल आहे, १.५ लिटरची, ९५ हजार किमी. तिला टायमिंग बेल्ट बदलायला सांगितलाय, बराच खर्च आहे. हेही वरच्यासारखंच लुटायचं प्रकरण का?

उद्यमनगरी

नाही. हे करायलाच पाहिजे. पिस्टन आणि वॉल्व्हचा मेळ राखायला वरच्या स्विफ्टसारख्या के-सिरीज इंजिनात चेन आहे, ती आवाज करीपर्यंत चालते. डस्टरच्या त्या डिझेलला रबरी बेल्ट आहे आणि तो सांगून तुटत नाही. तुटला की पिस्टन वॉल्व्हवर आदळतो, मग हेड उतरवायचं काम. मॅन्युअलमधली किलोमीटर आणि वर्षं बघा, जे आधी पूर्ण होईल ते. मागचं रेकॉर्ड नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरा. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर आणि शक्य तर वॉटर पंप एकदमच बदला, सगळं उघडलेलं असतंच. सेट गेट्स किंवा कॉन्टिटेकचा चालंल. जुना बेल्ट आणि टेन्शनर परत मागून घ्या, आणि बदलल्याची तारीख, किलोमीटर स्टिकरवर लिहून बॉनेटखाली चिकटवायला सांगा.

निरीक्षक

धन्यवाद. उद्याच टाकायला सांगतो. तोवर गाडी चालवली तर?

उद्यमनगरी

गॅरेजपर्यंत चालवा. घाट नको.